ब वर्गाची फाइल

“‘एकमताने’ हा शब्द घातलात ना?” पोतनीस साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

“घातलाय, सर.”

“आणि ‘सविस्तर चर्चेअंती’?”

“तेही घातलंय.”

“मग आणा इकडे.” त्यांनी कागद वाचला, दोन स्वल्पविराम खोडले, एक नवा घातला आणि समाधानानं मान हलवली. “छान. आता वर उद्याची तारीख टाका आणि पाच प्रती काढून ठेवा.”

उद्याची तारीख टाकायची, कारण बैठक उद्या होती.

१९९७च्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात ‘संशोधन सहायक’ होते. संशोधन हुद्द्यात होतं, कामात नव्हतं. ऊर्जेच्या नव्या साधनांसाठी लोक प्रस्ताव पाठवायचे, समिती बसायची आणि मी इतिवृत्त लिहायची. आमच्याकडे इतिवृत्त आदल्या दिवशीच तयार होई. अध्यक्षांना दुपारच्या गाडीनं मुंबईला परतायचं असे, सदस्यांना आपापली कामं असत. जेवणाआधी सगळ्यांच्या सह्या व्हायच्या तर कागद तयार नको का? नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला याचं हसू आलं होतं. दुसऱ्या महिन्यापासून मीच स्वल्पविरामांची काळजी करू लागले होते.

पण त्या दिवशी कागदावरचं एक नाव बघून माझे हात टाइपरायटरवर अडखळले होते. समितीपुढे दोन प्रस्ताव होते. पहिला मिरजेच्या डॉ. अन्वर मुजावरांचा. आकाशात उंचावर सौरपट्ट्या टांगायच्या, तिथं चोवीस तास ऊन, आणि ती वीज अदृश्य लहरींच्या रूपानं खाली जमिनीवर उतरवायची. दुसरा प्रस्ताव सूर्याच्या पोटात जे चालतं ते छोट्या प्रमाणात इथं खाली घडवायचं, त्या अणुसंमीलनाचा होता. तो पाठवला होता प्रा. भालचंद्र सोनटक्के यांनी. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातलं माझं कॉलेज, आणि तिथं मला पदार्थविज्ञान शिकवणारे ते सोनटक्के सर.

“समितीने सविस्तर चर्चेअंती दोन्ही प्रस्ताव तूर्त व्यवहार्य नसल्याचा निष्कर्ष एकमताने काढला,” असं मी टाइप केलं होतं. “अर्जदारांनी परस्परांच्या तंत्रज्ञानाविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या,” असंही एक वाक्य होतं. निधी महाबळेश्वरला ‘भविष्यातील ऊर्जा’ या विषयावर तीन दिवसांचं चर्चासत्र घेण्याकडे वळवला होता.

“सर, पण उद्या ते लोक सांगायला येणार आहेत ना?” मी धीर करून विचारलं.

“येणार म्हणजे? आलेच पाहिजेत,” पोतनीस म्हणाले. “ते आल्याशिवाय चर्चा कशी होईल?”

ते चेष्टा करत नव्हते. पोतनीस साहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी मला न मागता रजा दिली होती. म्हणूनच त्यांच्याशी भांडायचं कसं, ते मला कधी उमगलं नाही.

मी कॉलेजात फोन लावला. कारकुनानं उचलला. “सोनटक्के सर? ते दुपारच्या एसटीनं गेले की पुण्याला,” तो म्हणाला. मग आपणहून त्यानं बातमी दिली. “सरांना तिथनं मंजुरीचं पत्र मिळालं तर बरं होईल बघा. न्हाईतर जूनमध्ये त्यांची प्रयोगशाळा बंद होतीय. प्राचार्यांनी त्या खोलीत संगणक बसवायचे ठरवलेत.”

मी फोन ठेवला. काय करायचं ते कळेना, म्हणून पाच प्रती काढल्या.

सरांशी माझी खरी ओळख एका लबाडीतून झाली होती. दुसऱ्या वर्षाला लंबकाचा प्रयोग होता. लंबक हलवायचा, झोके मोजायचे, वेळ लिहायची आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचं उत्तर काढायचं. उत्तर पुस्तकात असतंच. मग झोके कोण मोजत बसणार? मी उत्तरावरून उलटं गणित करून आकडे भरले. विज्ञानाच्या वर्गात बसलेल्या कुणालाही हा उद्योग नवा नाही.

सरांनी वही बघितली. “गुंजकर, लंबक बघितलास ना?”

“हो सर.”

“कधी?”

“काल, सर. प्रॅक्टिकलला.”

“त्याचा दोरा मी परवाच सोडून ठेवलाय,” सर म्हणाले. रागावले नाहीत. नवा दोरा बांधला, मला स्टुलावर बसवलं आणि चार तास झोके मोजायला लावले. जाताना म्हणाले, “न बघता आकडा लिहायचा नाही. काही घडलं नसेल तर ‘बदल नाही’ असं लिही. पण बघून लिही.”

मला पदार्थविज्ञान आवडायला लागलं ते त्या स्टुलावर.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले दिसले. पांढरा बुशशर्ट, घामानं पाठीला चिकटलेला, आणि मांडीवर खाकी कापडाची पिशवी. त्यांच्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ भली मोठी छत्री घेऊन बसले होते. दोघं इतक्या मोठ्यानं भांडत होते की आमचा शिपाई बाबर चहाचा ट्रे घेऊन ऐकत उभा होता.

“भाल्या, सूर्य आणलास का पिशवीतनं?”

“तू मे महिन्यात छत्री आणलीस, त्याचं सांग आधी.”

“ही छत्री न्हाई, अँटेना हाय.” छत्रीवाल्यांनी ती उघडून दाखवली. कापडाच्या जागी तारेची जाळी होती. मला बघून ते म्हणाले, “तूच काय गं ह्याची विद्यार्थिनी? बघ पोरी, तूच न्याय कर. डोक्यावर आयती चूल पेटलीय. तिथनं निखारा आणायचा सोडून हा शहाणा अकरा वर्षं गार चुलीत फुंकर मारत बसलाय.”

“आणि याला,” सर शांतपणे म्हणाले, “छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर शिंकाळं टांगायचंय. टांगणार कोण, ते विचार याला.”

हे मुजावर सर. दोघं एका वसतिगृहात, एका खोलीत राहिलेले, आणि तेव्हापासूनचं हे भांडण. दोघांनाही आयुष्यात मोठी प्रयोगशाळा मिळाली नव्हती आणि मोठं यशही मिळालं नव्हतं. एकमेकांना हरवायचं मात्र फार मनावर घेतलेलं होतं.

“गुंजकर, तू इथं असतेस हे बरं झालं,” सर म्हणाले. “ओळखीचा चेहरा असला की बोलायला बरं वाटतं.”

मी हसले. हातातल्या फाइलमध्ये पाच प्रती होत्या.

बैठक अकराला सुरू झाली. आधी मुजावर सर उभे राहिले. टेबलाच्या एका टोकाला त्यांनी एक लहानशी पेटी ठेवली, दुसऱ्या टोकाला छत्री. छत्रीच्या मधोमध शेंगदाण्याएवढा लाल दिवा होता. पेटीची कळ दाबली, छत्री जरा इकडे, जरा तिकडे केली, आणि मध्ये एकही तार नसताना दिवा लागला. बाबरच्या तोंडून “आयला!” निघालं. एका सदस्यानं मध्ये हात घातला, दिवा विझला. हात काढला, लागला. सदस्यांनी तो खेळ तीनदा केला आणि मग बिस्किटांकडे वळले.

“वर नेऊन बसवायला किती वर्षं लागतील?” अध्यक्षांनी विचारलं.

“रॉकेट स्वस्त झालं तर वीस, साहेब.”

“आणि नाही झालं तर?”

मुजावर सरांनी छत्री मिटली.

मग सोनटक्के सर. त्यांना त्यांचं यंत्र आणता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी फोटो फिरवले. पोलादी डबा, त्याला काचेची खिडकी, आत जांभळा उजेड. पिशवीतून त्यांनी लाल कापडी बांधणीच्या तीन लांबड्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

“मला इथं सूर्य पेटवायचा नाहीये,” ते म्हणाले. “ती माझी ऐपत नाही. पेटलेला वायू भिंतीला न चिकटता धरून कसा ठेवायचा, एवढंच मी बघतोय. अकरा वर्षं रोज बघतोय. बहुतेक दिवशी काही घडत नाही. पण या तिसऱ्या वहीत एक गोष्ट आहे. एक चुंबक चुकून तिरका बसला होता, तेव्हा उजेड नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ स्थिर राहिला. नंतर मुद्दाम तिरका बसवून सव्वाशे वेळा बघितलं. दर वेळी तसंच. का होतं, ते मला कळत नाही. कळावं, एवढ्यासाठी आणखी तीन वर्षं हवीत.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. “सोनटक्के, यातून वीज कधी मिळेल?”

“जगात कुणालाही विचाराल तर तीस वर्षं म्हणेल.”

“आणि तीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर?”

“तीसच,” सर म्हणाले.

सगळे मोठ्यानं हसले. सरही हसले. मला त्या हसणाऱ्या माणसांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा, कारण मीही हसले होते.

तेवढ्यात मुजावर सर उभे राहिले. आता ते अगदी पुस्तकी मराठीत बोलत होते. “अध्यक्ष महाराज, मला एक सांगायचं आहे. माझा मार्ग बरोबर आहे आणि याचा चूक आहे, असं मी पस्तीस वर्षं म्हणत आलोय, आजही म्हणतो. पण याच्या तिसऱ्या वहीत जे आहे ते खरं आहे. मी स्वतः जाऊन चार दिवस बघितलंय. एकालाच द्यायचं असेल तर माझं राहू द्या. याला द्या.”

सर चमकून त्यांच्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

“उत्तम. चर्चा फार मोलाची झाली,” अध्यक्ष म्हणाले. “पोतनीस?”

पोतनीसांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी त्यांच्या कानाशी वाकले. “सर, परस्परांविषयी शंका उपस्थित केल्या, हे वाक्य... तसं काही झालं नाही. उलटंच झालं.”

“टाइप झालंय ना?” ते हळूच म्हणाले.

“हो, पण...”

“मग असू द्या.”

मी प्रती दिल्या. सह्या झाल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दोघांना मी जवळच्या खाणावळीत जेवायला नेलं. मुजावर सरांनी पोळीचा पहिला घास घेतला आणि पुन्हा शिंकाळ्यावर वाद काढला. सर नेहमीसारखी उत्तरं देत होते. मी भात नुसता चिवडत होते.

“गुंजकर,” सर अचानक म्हणाले, “कधी टाइप केलंस?”

“काय, सर?”

“इतिवृत्त.”

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. “काल,” मी म्हणाले.

“किती वाजता?”

“चार, सव्वाचार.”

सरांनी मनाशी हिशेब केला. “म्हणजे मी टेंभुर्णीच्या आसपास असेन,” ते म्हणाले आणि भातावर वरण ओतून घेतलं.

मला रडू आलं. खाणावळीत, सगळ्यांसमोर. “सर, मी काही करू शकले नाही. मी फोन केला होता, पण तुम्ही निघाला होता. आणि तुम्ही फोनवर भेटला असतात तरी काय सांगणार होते...”

“अगं, मीही विद्यापीठाच्या समित्यांवर बसलोय,” सर म्हणाले. “चहा यायच्या आधी सह्या केल्यात. काय होणार ते मला ठाऊक होतं.”

“मग मरायला आलास कशाला उन्हातनं?” मुजावर सर खेकसले. “आणि मला बी बोलावलंस?”

“वह्या ठेवायला आलोय.”

त्यांनी पिशवी उचलून माझ्यापुढे ठेवली. “जूनमध्ये खोली जाणार. वह्या कॉलेजात राहिल्या तर रद्दीत जातील. माझी मुलं चांगली आहेत, पण त्यांना यातलं काही कळत नाही. मी गेल्यावर घर आवरतील तेव्हा या वह्या आधी जातील.”

“माझ्याकडं दे की.”

“तुझ्या घरात दर दोन-तीन वर्षांनी कृष्णेचं पाणी येतं, अन्वर.”

“झेरॉक्स काढू या, सर,” मी म्हणाले.

“निम्म्या नोंदी पेन्सिलीच्या आहेत, उठत नाहीत. मी करून बघितलं.” सरांनी आवाज खाली आणला, जणू मोठी चलाखी सांगत होते. “प्रस्तावाला जोडलेली मूळ कागदपत्रं फाइलबरोबर राहतात. तुमच्याकडे फाइलींना वर्ग असतात ना? अ म्हणजे कायम. ते आपल्या नशिबी नाही. क म्हणजे पाच वर्षं. पण ब म्हणजे तीस. तीस वर्षं सरकार आपल्या खर्चानं सांभाळतं. वाळवीपासून, पाण्यापासून, माझ्या मुलांपासून.”

मुजावर सर आधी बघत राहिले आणि मग पोट धरून हसायला लागले. “तुझा सूर्य बी तीस वर्षांनी, आणि फाइल बी तीस वर्षं! जमलं की भाल्या!”

“जमलंच तर,” सर म्हणाले. “तोवर कुणाला तरी कळेल चुंबक तिरका का चालतो ते. त्याला सव्वाशे नोंदी आयत्या मिळतील.” मग माझ्याकडे वळले. “मला मंजुरी नको, गुंजकर. ब वर्ग दे. एवढं होईल ना तुझ्याच्यानं?”

“होईल, सर,” मी म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा मला श्वास घेता आला.

संध्याकाळी मी तिन्ही वह्या फाइलला जोडल्या. जाड दोऱ्यानं, दुहेरी गाठ मारून. मुखपृष्ठावर उजव्या कोपऱ्यात ब लिहिला. पेन्सिलीनं लिहिला, कारण आमच्याकडे तशी पद्धत होती. सहायकानं वर्ग पेन्सिलीनं सुचवायचा आणि साहेबांनी तो शाईनं पक्का करायचा. साहेब बहुधा आमच्याच अक्षरावरून शाई फिरवीत.

पोतनीस साहेब टेबलाशीच होते. दोन पावलं पुढे जाऊन म्हणता आलं असतं, ‘सर, एवढी एक फाइल ब वर्गातच राहू द्या.’ पण ते विचारतील, नामंजूर प्रस्तावाला ब कशाला, आणि या वह्या कधी आल्या? दिवसभरात एकदा तोंड उघडून काय झालं ते मी बघितलं होतं. मी फाइल त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली आणि घरी गेले. दोन दिवसांनी ती तळमजल्यावर अभिलेख कक्षात गेली. एकदा बंद झालेली फाइल सहायकानं मागवायची नसते. मी मागवली नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एक पोस्टकार्ड आलं. त्यावर माझा पत्ता आणि मधोमध एकच ओळ होती: ‘एकोणतीस राहिली. सोनटक्के.’ मी टेबलाशी बसून खूप हसले. लगेच आंतर्देशीय पत्र घेतलं आणि लिहिलं, ‘सर, फाइल सुखरूप आहे. काळजी नसावी.’

मग दर मे महिन्यात हे ठरूनच गेलं. अठ्ठावीस राहिली. सत्तावीस राहिली. नोकरीत मान खाली घालून केलेल्या पुष्कळ गोष्टींमध्ये ही एक बरी होती. कधी फार वाईट वाटलं की मी ती कार्डं काढून बघायची. पोतनीस साहेब निवृत्त झाले, मी त्यांच्या खुर्चीत आले. चोवीस राहिली. तेवीस. २००५च्या मे महिन्यात अक्षर कापरं झालेलं दिसलं: बावीस. मी नेहमीचंच उत्तर टाकलं. दिवाळीनंतर सर गेले, असं त्यांच्या मुलाचं पत्र आलं.

२००८च्या फेब्रुवारीत बाबर आत येऊन म्हणाला, “बाई, ते छत्रीवाले आलेत.”

मुजावर सर खूप थकले होते. हातात छत्री नव्हती, काठी होती. पण डोळ्यांत तोच खट्याळपणा. खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलायला लागले.

“गुंजकर बाई, भाल्या जिंकला. मला सांगायला लाज वाटती, पण जिंकला. विद्यापीठातल्या दोन पोरी संमीलनावर काम करतायत. त्यांच्या मोठ्या यंत्रात तसंच झालं. चुंबक तिरका, उजेड स्थिर. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. मी एका व्याख्यानाला गेलो होतो, तिथं सहज बोलता बोलता निघालं. मी म्हटलं, ह्याच्या सव्वाशे नोंदी हायत माझ्या दोस्ताच्या. त्या पोरी नाचायच्याच राहिल्या.” त्यांनी शबनममधून पत्रांची एक चळत काढली, सुतळीनं बांधलेली. “घरी गेलो भाल्याच्या. पोरांनी घर आवरलंय. सगळं गेलंय. तेवढी तुमची ही पत्रं होती त्याच्या पाकिटांच्या डब्यात. म्हणून सरळ तुमच्याकडं आलो.”

चळतीत माझी आठ आंतर्देशीय पत्रं होती.

मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. सरांनी योजलं होतं अगदी तसंच घडत होतं, आणि मी त्यातली एक कडी होते. मी स्वतः खाली गेले. बाबरनं कुलूप काढलं. ब वर्गाच्या कपाटांत १९९७चा कप्पा होता. मी तो दोनदा बघितला. मग अठ्ठ्याण्णवचा, शहाण्णवचाही. धुळीनं हात काळे झाले.

“बाई,” बाबर म्हणाला, “वही बघू का नोंदीची?”

त्यानं आवक-नोंदवही काढली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. आमच्या फाइलचा क्रमांक होता. पुढच्या रकान्यात शाईनं, पोतनीस साहेबांच्या सुंदर वळणदार अक्षरात क लिहिलेला होता. त्यांनी कधी केलं, का केलं, कुणाला विचारणार? कदाचित कपाटं भरली असतील. कदाचित त्यांनी विचारही केला नसेल.

“क म्हणजे पाच वर्षं,” मी स्वतःशीच म्हणाले.

“ती तर गेली. मार्च दोन हजार तीनमध्ये. कार्यालय रंगवायला काढलं होतं बघा, कागद कारखान्याचा टेंपो आला होता लगद्यासाठी.” बाबर नष्ट केलेल्या कागदांची यादी घेऊन आला. चौदा पानं होती. सहाव्या पानावर आमचा क्रमांक. प्रत्येक पानाच्या खाली ‘तपासून खात्री केली’ असं छापलेलं होतं आणि त्याखाली सही होती. बाबरनं बोट ठेवलं, मग बिचाऱ्यानं काढून घेतलं. “तुमचीच हाय बाई.”

मला तो दिवस आठवला. खाली टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. रंगाचा वास येत होता. मी चौदा पानांवर चौदा सह्या केल्या होत्या, आणि बाबर पानं उलटत होता.

वर आले. मुजावर सर चहा संपवून बसले होते. माझे रिकामे हात त्यांनी बघितले. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सहावं पान वाचलं, खालची सही वाचली, तारीख वाचली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सुतळी सोडली आणि माझी पत्रं एकेक करून टेबलावर मांडली. पोस्टाचे शिक्के वाचत गेले. शेवटची तीन त्यांनी बाजूला काढली. मे २००३. मे २००४. मे २००५. तिन्हींवर माझ्या अक्षरात तीच ओळ होती, फाइल सुखरूप आहे, काळजी नसावी.

“ही लिहिताना फाइल बघितली होतीस?” त्यांनी विचारलं. बाई, तुम्ही, सगळं गळून पडलं होतं.

“नाही, सर.”

“आणि त्याच्या आधीची?”

“ती पण नाही.”

“एकदा बी न्हाई?”

मी नकारार्थी मान हलवली. आता करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारखान्यात लगदा होऊन पाच वर्षं झाली होती.

मुजावर सरांनी पत्रं पुन्हा एकावर एक ठेवली, सुतळी बांधली आणि चळत माझ्याकडे सरकवली. काठीवर भार देऊन उठले. दाराशी जाऊन थांबले.

“भाल्या रोज बघायचा,” ते म्हणाले. “ताप असला तरी सायकल मारत जायचा. सुई जाग्यावरच असायची, तरी बघायचा. आणि मग लिहायचा, ‘बदल नाही’.”